स्लॅब पडताना तिथे कोण असतं?

गेले चार शनिवार-रविवार आम्ही दोघं सॅम्पल फ्लॅट बघत फिरतोय. सॅम्पल फ्लॅट ही एक अजब चीज आहे. आतल्या खोल्यांना दारं नसतात, त्यामुळे खोल्या मोठ्या वाटतात. फ्रिज रिकामा, टीव्ही पुठ्ठ्याचा, आणि मुलांच्या खोलीत एक गिटार हमखास! चौथा फ्लॅट बघून झाल्यावर गिटार कुठे ठेवली असेल हे मी आधीच ओळखायला लागलो होतो.

मागच्या रविवारी बाबाही बरोबर आले. बाबा पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले. त्यांनी मॉड्युलर किचनकडे बघितलंही नाही. बाल्कनीत गेले, समोरच्या अर्धवट इमारतीकडे बोट केलं आणि सेल्सवाल्या मुलाला विचारलं, "स्लॅब पडताना तिथे कोण असतं?" मुलगा दोन सेकंद थांबला आणि म्हणाला, "सर, आपलं क्लबहाऊस वीस हजार स्क्वेअर फुटांचं आहे."

गाडीत आम्ही खूप हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढची वीस वर्षं ज्याचे हप्ते भरायचे त्या वस्तूबद्दल मला काय काय माहीत होतं? टाइल्सचा ब्रँड, नळांचा ब्रँड, लिफ्टचा ब्रँड. म्हणजे जे पाच वर्षांत बदलता येतं ते सगळं. आणि जे कधीच बदलता येत नाही त्या काँक्रीटबद्दल आणि सळईबद्दल, शून्य. आमच्या धंद्यात कोणी सोर्स कोड न दाखवता, टेस्ट रिपोर्ट न दाखवता, नुसती लॉगिन स्क्रीन दाखवून ऐंशी लाख मागितले असते तर...

असो. मग सवयीप्रमाणे इतिहासात शिरलो. बिल्डरची क्वालिटी कशी ओळखायची, हा प्रश्न मुळात कधी सुरू झाला? कारण तो कायमच होता असं नाही.

१९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण सोसायट्यांपैकी ही एक. तिची रचना गंमतीची होती : सोसायटी मालक, सभासद तिचे भाडेकरू, आणि सोसायटी म्हणजे तरी कोण, तर हेच सभासद. बांधून घेणारा आणि राहणारा माणूस एकच. तिथे 'बिल्डर चांगला आहे का' हा प्रश्नच येत नाही, 'ठेकेदारावर लक्ष कोण ठेवणार' एवढाच येतो. पुण्यात बंगले बांधणाऱ्या पिढीचंही तेच. आमचे आजोबा रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट प्लॉटवर जात, स्वतः पाइप धरून भिंतींना पाणी मारत आणि मिस्त्रीशी भांडून मग घरी येत. त्यांना काँक्रीटमधलं काही कळत होतं असं नाही. पण ते तिथे असत.

हे बदललं त्याचं एक मोठं कारण बांधकामाच्या बाहेरचं आहे. मुंबईत १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. भाडेकरूंना दिलासा मिळाला, पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्यात मालकाला काही अर्थ उरला नाही. दुसरीकडे शहरात माणसांचा लोंढा सुरूच. मग १९५० च्या दशकात नवा प्रकार रुजला : ओनरशिप फ्लॅट. जागा एकाची, बांधणारा दुसरा, पैसे आगाऊ देणारा तिसरा. आणि हा तिसरा साइटवर कधीच नसतो.

यातून किती लवकर गोंधळ सुरू झाले बघा. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. २० मे १९६० ला, म्हणजे राज्य वीस दिवसांचं असताना, सरकारने ओनरशिप फ्लॅटमधल्या गैरप्रकारांची चौकशी करायला समिती नेमली! समितीचा अहवाल जून १९६१ मध्ये आला आणि त्यातून १९६३ चा मोफा कायदा झाला : महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट. नव्या राज्यापुढे काय कमी प्रश्न होते? तरी हा इतक्या वर होता.

मोफा आपल्याला माहीत असतो तो कन्व्हेयन्सच्या भांडणांमुळे. मी या आठवड्यात तो पहिल्यांदा नीट वाचला आणि तिसऱ्या कलमाशी येऊन अडकलो. त्यात प्रवर्तकाने काय काय उघड करायचं याची यादी आहे. टायटल, बोजे, नकाशे, हे अपेक्षितच होतं. पण पुढे असंही आहे की प्रवर्तक स्वतःच बांधणारा असेल तर मागणी केल्यावर त्याने इमारतीचं डिझाइन आणि वापरायचं साहित्य यांचा तपशील द्यायचा. आणि तो स्वतः बांधत नसेल तर आर्किटेक्ट आणि कॉन्ट्रॅक्टर यांच्याशी डिझाइन, साहित्य आणि बांधकामाबद्दल केलेले सगळे करार दाखवायचे.

१९६३ साली! म्हणजे 'स्लॅबमध्ये काय घालताय आणि कोण घालतोय' हे विचारायचा हक्क माझ्या बाबांच्या लहानपणापासून कायद्यात लिहिलेला होता. मी ओळखीतल्या सात-आठ जणांना विचारलं, सगळ्यांनी वेगवेगळ्या काळात फ्लॅट घेतलेले. हा कागद मागितलेला एकही माणूस सापडला नाही. 'मागणी केल्यावर' हे दोन शब्द आहेत ना, तिथेच सगळं राहिलं. मागणी करायला आधी काय मागायचं हे कळायला लागतं. आणि ज्या काळात फ्लॅट मिळणं हेच नशीब होतं, त्या काळात असले प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला बिल्डरने चहा तरी पाजला असता का?

आता साहित्याबद्दल. बाबांशी बोलताना त्यांनी मला एका झटक्यात पन्नास वर्षांच्या इमारतींची वर्गवारी करून दिली. म्हणाले, "सिमेंट कंट्रोलच्या आधीची, कंट्रोलमधली आणि नंतरची." मला 'कंट्रोल' म्हणजे रेशनचा तांदूळ एवढंच माहीत. पण भारतात सिमेंटची किंमत आणि वाटप, मधली एक-दोन वर्षं सोडली तर, दुसऱ्या महायुद्धापासून १९८२ पर्यंत सरकारच्या हातात होतं. फेब्रुवारी १९८२ मध्ये ते अंशतः खुलं झालं, पूर्ण खुलं व्हायला मार्च १९८९ उजाडला. तोपर्यंत घर बांधायचं तर सिमेंटचं परमिट लागे. परमिट नसेल तर काळ्या बाजारात दामदुप्पट.

महाराष्ट्रात तर सिमेंटने मुख्यमंत्री घालवला. बॅरिस्टर अंतुले यांच्या काळात बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि त्यांनी ट्रस्टला दिलेल्या देणग्या यांचा संबंध आहे असा निकाल मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये दिला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी 'जाने भी दो यारों' आला. त्यातला तरनेजा बिल्डर आणि तो कोसळणारा उड्डाणपूल आठवतो? मी तो सिनेमा कॉलेजात नुसता विनोदी म्हणून पाहिला होता. तेव्हाच्या प्रेक्षकाला त्यातला निम्मा विनोद पेपरात रोज वाचायला मिळत असणार.

जी वस्तू टंचाईत आहे आणि जी मालात मिसळल्यावर कमी घातलेली दिसत नाही, तिथे काय होणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. एका घमेल्यात सिमेंट थोडं कमी पडलं तरी काँक्रीट घट्ट होतंच. सेंट्रिंग काढल्यावर स्लॅब जागेवर राहतोच. प्लास्टर झालं, रंग झाला की दोन्ही स्लॅब सारखेच दिसतात. फरक कळायला पंधरा-वीस वर्षं जातात. निकृष्ट, सच्छिद्र काँक्रीटमधून हवा आणि पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. आपण म्हणतो, पोपडे आले. मग वॉचमनकडून रंगवून घेतो.

सगळा दोष टंचाईला देणंही बरोबर नाही. तेव्हाचे मानकच आजच्याइतके कडक नव्हते. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत आरसीसीसाठी एम-१५ प्रतीचं काँक्रीट चालत असे. २००० च्या आवृत्तीत किमान एम-२० झालं. (एम-२० म्हणजे २८ दिवसांनी एका चौरस मिलिमीटरवर २० न्यूटन दाब सोसणारं.) सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याला साइटवर नुसतं 'कव्हर' म्हणतात, तेही वाढवलं. म्हणजे ऐंशी सालचा एखादा प्रामाणिक बिल्डरही, नियम पाळून, आजच्या हिशेबाने कमी टिकणारी इमारत बांधून गेला असेल. हे वाचून मला जुन्या बिल्डरांबद्दलचा राग थोडा कमी करावा लागला.

गळती आणि पोपडे हा संथ आजार. २६ जानेवारी २००१ ला दुसरी गोष्ट दिसली. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, भचाऊजवळ. आणि तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या, शेकडो माणसं गेली. त्या झोपड्या नव्हत्या की जुने वाडे नव्हते. मध्यमवर्गीयांनी कर्ज काढून घेतलेले, बऱ्याच ठिकाणी अगदी नवे फ्लॅट होते. शहरातले दगड-विटांचे जुने वाडे पुष्कळसे उभे राहिले.

का पडल्या हे त्यानंतरच्या पाहण्यांमध्ये तपशिलात आलं आहे, आणि वाचताना मला आमच्याच बिल्डिंगचं पार्किंग दिसत होतं. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, नुसते कॉलम. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती. भिंतींमुळे वरचा भाग ताठ होतो, तो खोक्यासारखा एकसंध हलतो, आणि सगळं वाकणं एकट्या तळमजल्याच्या कॉलमवर येतं. याला सॉफ्ट स्टोरी म्हणतात. त्यात भर म्हणजे वरचे मजले बाहेर काढण्यासाठी काही कॉलम पायापर्यंत न नेता पुढे आलेल्या बीमवरच उभे केलेले. सळया कशा वळवायच्या, रिंगा किती जवळ बांधायच्या, हे सांगणारं आयएस १३९२० हे मानक १९९३ पासून होतं. पण ते पाळणं तेव्हा बंधनकारक नव्हतं. भूकंपाच्या मानकाची पुढची आवृत्ती २००२ ला आली. त्यात अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम आणि बीम अडीचपट भारासाठी डिझाइन करण्याचा पर्याय घातला गेला.

या इमारती घेणाऱ्यांनी काय तपासलं असेल? माझ्यासारखंच सगळं. लोकेशन, टायटल, बँकेची मंजुरी. बँकेवरून आठवलं. आपल्याकडे एक ठाम समजूत आहे की मोठ्या बँकेने लोन दिलं म्हणजे इमारत चांगली. १९७७ मध्ये एचडीएफसी सुरू झाल्यावर नोकरदाराला गृहकर्ज ही गोष्ट पहिल्यांदा आवाक्यात आली, आणि तिच्याबरोबर ही समजूतही आली असावी. बँक टायटल बघते, मंजुरी बघते, किंमत बघते. तिला वीस वर्षांत पैसे परत हवे आहेत. रिंगा मोजायला ती येत नाही. नव्वदनंतर आयएसओची सर्टिफिकेटं आली, क्रिसिलची रेटिंग्ज आली. ती कंपनीबद्दल काहीतरी सांगतात हे खरं. सातव्या मजल्याच्या स्लॅबबद्दल काही सांगत नाहीत.

कायदा मात्र हळूहळू सरकत होता. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' आहे की नाही यावर वाद होता. १९९३ मध्ये दुरुस्ती करून ती घातली गेली आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. म्हणजे त्यानंतरच गळक्या घरासाठी ग्राहक मंचात जाण्याचा रस्ता खऱ्या अर्थाने मोकळा झाला. मोफात ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांत दोष दाखवला तर तो बिल्डरने भरून द्यायचा अशी तरतूद होती. २०१६ च्या रेरा कायद्याने ती मुदत पाच वर्षं केली, आणि दोष कळवल्यापासून तीस दिवसांत दुरुस्ती. रेराने गिऱ्हाइकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला लावले, ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. कमी माहीत असलेली ही की प्रकल्पाच्या नोंदणीत कॉन्ट्रॅक्टर, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची नावं द्यावीच लागतात. महारेराने तर साइट इंजिनिअरने दर आर्थिक वर्षाच्या शेवटी द्यायचा क्वालिटीचा दाखलाही काढला, फॉर्म २ ए. १९६३ मध्ये जे मागावं लागत होतं त्यातलं बरंचसं आता न मागता साइटवर टाकावं लागतं. मी बघितलेल्या चार प्रकल्पांपैकी दोघांच्या पानावर फॉर्म २ ए सापडला. बाकी दोघांचे सेल्सवाले म्हणाले, "चेक करून सांगतो सर."

पण पाच वर्षांची हमी ही सहाव्या वर्षी गंजायला लागणाऱ्या सळईला काय उपयोगाची? हे मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "हमी दोषाची असते रे. तू बघायला तिथे होतास का, हा वेगळा मुद्दा आहे." आणि मग त्यांनी मला क्यूब टेस्ट समजावली. स्लॅब टाकताना त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून ठेवतात. ते पाण्यात ठेवून काही सातव्या दिवशी, बाकीचे अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनमध्ये फोडतात. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद यायला हवी. प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे. किती घनमीटर काँक्रीटला किती नमुने हेही मानकात दिलेलं आहे. आणि हे सगळं एका रजिस्टरमध्ये लिहितात. म्हणजे प्लास्टरखाली काय गेलं याची नोंद असते. फक्त ती ब्रोशरमध्ये नसते.

तर काल शनिवारी आम्ही दोन कामं केली. आधी याच बिल्डरच्या नऊ वर्षं जुन्या सोसायटीत गेलो. मुद्दाम पावसात. वॉचमनला नाव सांगून सेक्रेटरी काकांना भेटलो, पार्किंगची सीलिंग बघितली, टेरेसवरचा कोबा बघितला, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं का विचारलं. दोन फ्लॅट्सना बाथरूमची ओल आहे, बिल्डरने एकाची दुरुस्ती करून दिली, दुसऱ्याशी वाद चालू आहे. काकांनी चहा पाजला आणि मेंटेनन्सच्या थकबाकीदारांबद्दल अर्धा तास बोलले, ते इथे लिहीत नाही.

मग साइटवर. सेल्स ऑफिसमध्ये क्यूब टेस्टचं रजिस्टर मागितल्यावर पहिल्यांदा 'पॉलिसी नाही' झालं. मी फॉर्म २ ए चं नाव काढलं, बाबांनी पीडब्ल्यूडीचं. शेवटी साइट इंजिनिअर आला. पंचविशीतला, हेल्मेट घातलेला मुलगा. त्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये नेऊन त्याने एक जाडजूड रजिस्टर पुढे टाकलं.

मी आकड्यांच्या रांगेकडे बघत होतो, सगळे बत्तीस, चौतीस, छत्तीस. स्लॅबला एम-३० होतं, म्हणजे सगळं उत्तम. बाबा मात्र पानं मागे मागे उलटत राहिले आणि एका ठिकाणी थांबले. लाल पेनाने गोल केलेलं : २४. चौथ्या मजल्याचा स्लॅब. माझ्या पोटात गोळा आला. त्या मुलाने काहीही न लपवता सांगितलं की अठ्ठाविसाव्या दिवसाचा नमुना नापास झाला, म्हणून त्या स्लॅबमधून तीन ठिकाणी कोअर काढले. रिपोर्ट त्याच पानाला स्टेपल केलेला होता. तिन्हींची सरासरी हव्या त्या ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या वर, एकही ७५ च्या खाली नाही, म्हणजे मानकाप्रमाणे स्लॅब चालणार. रेडीमिक्सच्या प्लँटला पाठवलेल्या पत्राची कॉपीही होती.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, चौथा मजला नापास झाला होता. आपण दुसरीकडे बघूया का?"

"दुसरीकडे रजिस्टरमध्ये एकही नापास नसेल," बाबा म्हणाले. "मला त्याची जास्त भीती वाटते. चाळीस वर्षांत मी एकही साइट अशी बघितली नाही."

मी मनातल्या मनात आमच्या ऑफिसातला तो प्रोजेक्ट आठवला ज्यात सगळ्या टेस्ट कायम हिरव्या असायच्या, कारण कोणीतरी असर्ट काढून टाकले होते. आणि गप्प बसलो.

टोकन अजून दिलेलं नाही. टायटलचे कागद वकिलाकडे आहेत, बायकोला स्वयंपाकघर लहान वाटतंय, आणि ते आहेच लहान. गाडीत बसल्यावर बाबांनी विचारलं, "नवव्याचा स्लॅब कधी आहे म्हणाला तो?"

"बुधवारी. सकाळी सातला सुरू करतात म्हणे."

"मला सोडशील?"

बुधवारी माझा रिलीज आहे. बाबा रिक्षाने जाणार आहेत.